शेजारधर्म

रेक्टर मॅडमच्या टेबलावरचा फोन कधी नीट बघितलाय का? बहुतेक नसेलच. त्या टेबलापाशी आपण उभे असतो तेव्हा नजर एकतर जमिनीवर असते नाहीतर लेट एन्ट्रीच्या रजिस्टरवर. पण पुढच्या वेळी बोलणी खाताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून जरा बघा. त्या फोनला टेलिफोनची बारीक वायर नाहीये. आपल्या लॅबमधल्या पीसीला असते तशीच लॅनची केबल आहे. अ‍ॅडॉप्टर नाही, प्लग नाही, काही नाही. त्या एका केबलमधूनच त्याला वीज मिळते, त्यातूनच आवाज जातो, आणि मॅडमचा पीसीसुद्धा त्याच फोनच्या पाठीला जोडलेला आहे!

हा झाला आयपी फोन. दिसायला फोन, पण जातीने कॉम्प्युटर. त्याच्या पोटात चक्क एक छोटासा तीन तोंडांचा स्विच असतो. एक तोंड भिंतीकडे, एक पीसीकडे आणि एक स्वतःकडे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघी कॉम्प्युटर सेंटरमध्ये काम करायला राहिलो होतो. काम काय, तर हॉस्टेल आणि डिपार्टमेंट्समधले असे सगळे फोन मोजायचे, कोणता फोन कोणत्या सॉकेटला आहे ते लिहायचं आणि सॉकेटवर लेबलं चिकटवायची. ऐकायला एकदम कंटाळवाणं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी फी भरून लेबलं चिकटवायला शिकवतात का?" पण या कामामागे एक कारण होतं. ते पुढे सांगतेच. त्याआधी या फोनची थोडी ओळख करून देते, म्हणजे ते कारण नीट कळेल.

नवा आयपी फोन खोक्यातून काढला तर त्याला जगातलं काहीही माहीत नसतं. ठाऊक असतो फक्त स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस, तो ४८ बिटांचा, कारखान्यात मिळालेला. आपण वीज किती घ्यायची, नेटवर्कच्या कोणत्या भागात बसायचं, आपला आयपी कोणता, आपला सर्व्हर कुठे, आपला नंबर काय... सगळ्या बाबतीत कोरी पाटी. फर्स्ट इयरला आपण ट्रंक आणि बादली घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे होतो ना, अगदी तस्सं. आता आठवा, तेव्हा आपण काय केलं? मेस कुठाय, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं हे विचारायला आपण काही प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये गेलो नाही. शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. फोनही हेच करतो. त्याचा शेजारी म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाला, रॅकमध्ये बसलेला स्विच. आणि दोघांनी ज्या भाषेत बोलायचं तिला म्हणतात डिस्कव्हरी प्रोटोकॉल.

या भाषेचा इतिहास छोटासाच आहे. सिस्को कंपनीने १९९४ साली आपल्या उपकरणांसाठी सीडीपी म्हणजे सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल काढला. दर ६० सेकंदांनी प्रत्येक उपकरण आपल्या शेजाऱ्याला 'मी अमुक, माझं मॉडेल तमुक, या पोर्टवर आहे' असं सांगतं. कल्पना झकास, पण ती एका कंपनीची घरातली भाषा. म्हणून मग आयईईईने २००५ साली ८०२.१एबी हे स्टँडर्ड काढलं, त्याचं नाव एलएलडीपी. आणि खास फोनसाठी लागणाऱ्या गोष्टी त्यात घालून टीआयए या अमेरिकन संस्थेने २००६ मध्ये एलएलडीपी-मेड आणलं. यातल्या 'मेड'चा मेडिकलशी काही संबंध नाही हं. मीडिया एंडपॉइंट डिस्कव्हरी याचं ते लघुरूप.

एलएलडीपीचा स्वभाव मला फार आवडला. हा प्रोटोकॉल प्रश्न विचारत नाही आणि पोच मागत नाही. साधारण दर ३० सेकंदांनी आपली माहिती सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याने ती १२० सेकंद लक्षात ठेवायची. तेवढ्या वेळात पुन्हा आवाज आला नाही तर शेजारी गेला असं समजून नाव खोडायचं. आणि एखादं पोर्ट रीतसर बंद होत असेल तर शेवटच्या निरोपात ही मुदत शून्य टाकली जाते. म्हणजे आपण घरातून निघताना 'येते हं' म्हणतो ना, तसं. शिवाय हा निरोप स्विच पुढे पाठवत नाही. दोन घरांपलीकडच्या उचापती नाहीत, फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याशी बोलायचं.

निरोपाची रचनाही सुटसुटीत आहे. टीएलव्ही म्हणजे टाइप, लेंग्थ, व्हॅल्यू. ७ बिट सांगतात विषय काय, ९ बिट सांगतात मजकूर किती लांब, आणि पुढे मजकूर. न समजणारा विषय आला तर लांबी बघून तेवढा भाग ओलांडायचा आणि पुढे वाचायचं. (व्हायव्हात न येणारा प्रश्न आपण असाच ओलांडायचा प्रयत्न करतो, पण एक्स्टर्नल काही एलएलडीपी नसतात!)

आता फोनचा जन्म बघू. केबल खोचल्यावर स्विच आधी अगदी थोडं व्होल्टेज देऊन बघतो, पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स दिसतो का. दिसला तर हे वीज घेणारं उपकरण आहे असं समजून पॉवर सोडतो. २००३ सालच्या ८०२.३एएफ प्रमाणे स्विचकडून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात असं मानतात. फोन सुरू झाला की तो एलएलडीपीमधून 'मी वर्ग तीनचा, म्हणजे फोन आहे' असं सांगतो. तोवर स्विचने फोनसाठीची खास माहिती बाहेर काढलेलीच नसते. फोनचा आवाज ऐकल्यावरच ती निघते, आणि नव्या पाहुण्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून सुरुवातीचे निरोप सेकंदा-सेकंदाला जातात. त्यात दोघांचं पक्कं ठरतं. वीज किती हवी ते वॅटच्या दहाव्या भागापर्यंत सांगता येतं. समजा रॅकमधल्या स्विचकडे एकूण ३७० वॅट आहेत आणि २४ फोन लावायचेत. प्रत्येकाला १५.४ राखून ठेवले तर ३६९.६ होतात, म्हणजे कॅमेऱ्यासाठी काही उरतच नाही. पण फोनने '५ वॅटमध्ये माझं भागतं' असं सांगितलं की बाकीचे दुसऱ्याला देता येतात. मेसमध्ये सगळ्यांनी आधी सांगितलं किती चपात्या लागतील तर पीठ कमी लागेल, मावशी रोज हेच तर ओरडत असतात!

यापुढचा निरोप सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे व्हॉइस व्हीलॅन. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट असतो. दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइटचं एक पाकीट निघतं, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. बोलण्यात एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर फारसं जाणवत नाही. त्यापुढे मात्र दोघेही एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि 'तू बोल', 'नाही तू बोल' सुरू होतं. त्याच केबलवर कोणी चार जीबीचा पिक्चर उतरवत असेल तर ही बिचारी छोटी पाकिटं मागे अडकणार. म्हणून आवाजाला वेगळी रांग. स्विच फोनला सांगतो, 'तुझा आवाज अमुक नंबरच्या व्हीलॅनमध्ये पाठव, ० ते ७ मधला प्राधान्यक्रम ५ लाव आणि डीएससीपी ४६ ठेव.' पीसीचा डेटा मात्र नेहमीच्या रांगेतून जातो. केबल एकच, रांगा दोन.

हे सगळं हाताने करायचं झालं तर? कॉम्प्युटर सेंटरमधल्या काकांनी ते केलेलं आहे. दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला असताना त्यांनी प्रत्येक फोनच्या मेनूत शिरून, त्या बारा बटणांवरून, व्हीलॅन नंबर घातले होते. "बोटं दुखायची गं पोरी," ते म्हणाले, "आणि एक आकडा चुकला की फोन गप्प. मग पुन्हा जिने चढायचे."

पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आमच्यात यावरून वाद झाला होता. फोनला नंबर एलएलडीपी देत नाही. शेजारी फक्त वीज आणि बसायची जागा सांगतो. त्या व्हीलॅनमध्ये गेल्यावर फोन डीएचसीपीकडून आयपी अ‍ॅड्रेस घेतो, आणि त्याच उत्तरात ऑप्शन ६६ किंवा १५० मधून कॉन्फिगरेशनचा सर्व्हर कुठे ते त्याला कळतं. तिथे त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या नावाची फाइल ठेवलेली असते. ती उतरवली की त्यात त्याचा एक्स्टेंशन नंबर आणि नाव. मग तो सिप प्रोटोकॉलने टेलिफोन सर्व्हरवर हजेरी लावतो, आणि झाला तयार. आपण केबल खोचून कपभर चहा पिऊन येईपर्यंत सगळं आपोआप!

आता ते कारण. 'आपोआप' या शब्दाचीच ती गोष्ट आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलला रंग दिला. बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यातला फोन रंगाचे डाग पडू नयेत म्हणून कोणीतरी काढून ठेवला, आणि रंग वाळल्यावर दुसऱ्याच कोणीतरी तो सी विंगच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या सॉकेटला लावला. फोनने आपला शेजारी शोधला, व्हीलॅन घेतला, आयपी घेतला, फाइल उतरवली आणि लगेच चालू झाला. डायल टोन व्यवस्थित. कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

जानेवारीत एका रात्री दोनच्या सुमारास सी विंगमधल्या आमच्या एका मैत्रिणीला दम्याचा जोरात अ‍ॅटॅक आला. इनहेलर संपलेला. तळमजल्यावर जाड भिंतींमुळे मोबाइलला रेंज नसते हे तुम्हाला माहीतच आहे. तिची रूममेट धावत व्हरांड्यात गेली, भिंतीवर लिहिलेला गेटचा नंबर लावला, "काका, लवकर या, तिला श्वास घेता येत नाहीये" एवढं बोलली आणि परत खोलीत पळाली. तिने आणखी काय करायला हवं होतं? काहीच नाही. गेटवरच्या वॉचमनकाकांनी फोनच्या स्क्रीनवर बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'बी विंग, पहिला मजला'. काका आणि वॉर्डनताई जिना चढून बी विंगच्या पहिल्या मजल्यावर गेले. तिथे काळोख, सगळ्या झोपलेल्या. एकेक दार वाजवत ते फिरले. शेवटी सी विंगमधूनच एक मुलगी ओरडत बाहेर आली तेव्हा कळलं. त्यात सात-आठ मिनिटं गेली. ती मैत्रीण आज ठणठणीत आहे, मेसच्या उसळीला नावं ठेवत असते. पण ज्याला दमा आहे त्याला विचारा, सात-आठ मिनिटं म्हणजे काय ते.

आता चूक कोणाची? रंगवाल्यांची? वॉचमनकाकांची? स्क्रीनवर जे लिहिलं होतं तिथे ते गेले. मी यावर बराच विचार केला आणि माझ्या लक्षात एक मजेशीर गोष्ट आली. जुन्या ईपीएबीएक्सच्या काळात असं झालंच नसतं! तिथे एक्स्टेंशन नंबर हा तांब्याच्या जोडीला, म्हणजे भिंतीला बांधलेला असायचा. फोनचं डबडं उचलून दुसरीकडे लावलं तर त्याला तिथला नंबर मिळायचा. आयपी फोनमध्ये नंबर बांधलाय मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे डबड्याला. डबडं जाईल तिथे नंबर आणि नाव जाणार. आपण सोय मिळवली आणि तिच्याबरोबर भिंत हातातून गेली.

हा प्रश्न फक्त आपल्या हॉस्टेलचा नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलमध्ये कारी हंट नावाच्या बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ लावला, पण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता, आणि ते त्या लहान मुलीला माहीत नव्हतं. आई वाचली नाही. त्यातून २०१८ मध्ये 'कारीज लॉ' झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या अशा फोन यंत्रणांमधून आधी काहीही न दाबता थेट ९११ लागलाच पाहिजे, आणि त्याच वेळी रिसेप्शनसारख्या ठिकाणी सूचना गेली पाहिजे, असा तो कायदा. त्याच वर्षीच्या 'रे बॉम्स अ‍ॅक्ट'मुळे पुढे असाही नियम आला की फोनबरोबर नुसता इमारतीचा पत्ता नाही, तर मजला, खोली अशी नेमकी जागा गेली पाहिजे. जागेवर पक्क्या बसवलेल्या फोनसाठी तो ६ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे ११२ हा एकच इमर्जन्सी नंबर आहे. इंटरकॉमवरून तो शून्य न दाबता लागतो का, हे आपापल्या ऑफिसमध्ये जरूर विचारून बघा.

आणि उपाय पुन्हा शेजाऱ्याकडेच आहे. फोनला आपण कुठे आहोत हे कळत नाही, पण स्विच आपल्या जागेवरून हलत नाही. कोणत्या पोर्टला कोण बोलतंय हे त्याला दर ३० सेकंदांनी ऐकू येतं. एलएलडीपी-मेडमध्ये लोकेशनचा वेगळा टीएलव्हीच आहे. स्विच फोनला अक्षांश-रेखांश किंवा इमारत-मजला-खोली असा पत्ता सांगू शकतो. आपण ठेवलेली सोय याहून साधी आहे. सरांनी आणि एका सीनियरने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या स्विचना एसएनएमपीने त्यांच्या शेजाऱ्यांची यादी विचारतो आणि आपल्याकडच्या तक्त्याशी ताडून बघतो. फोन नेमलेल्या पोर्टवर नसेल तर गेटच्या स्क्रीनवरचं नाव बदलतो आणि कॉम्प्युटर सेंटरला मेल टाकतो.

पण हा तक्ता आणायचा कुठून? स्विचला एवढंच माहीत की फोन १७ नंबरच्या पोर्टवर आहे. १७ नंबरची केबल भिंतीतून फिरत फिरत कोणत्या खोलीत निघते, हे जगातला कोणताही प्रोटोकॉल सांगत नाही. ते माणसानेच बघावं लागतं. म्हणून आम्ही चौघी. एक रॅकपाशी, दोघी खोल्यांमधून फिरत, चौथी वहीत लिहिणार. केबलला एका टोकाला टोनर लावायचा आणि दुसऱ्या टोकाला प्रोबने कुठे टुंग टुंग ऐकू येतंय ते शोधायचं. मे महिन्याचा उकाडा, कपाटं ओढून मागची सॉकेट्स शोधायची, झुरळं... नकोच ती आठवण. काही कपाटांमागे गुपचूप लावलेले पाच पोर्टचे स्वस्त स्विच पण सापडले. कोणाचे ते मी इथे लिहिणार नाही, घाबरू नका! पण असा स्विच मध्ये आला की शेजारधर्म बिघडतो. काही स्विच एलएलडीपीचा निरोप गिळून टाकतात, काही तसाच पुढे ढकलतात, आणि मग फोन नक्की कोणाच्या शेजारी आहे तेच कळेनासं होतं.

या कामाचा एक फायदा ऑफिसलाही झाला. फोन आपला मेक, मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअर हे सगळं शेजाऱ्याला सांगत असतो. डेड स्टॉक रजिस्टरच्या तपासणीला दरवर्षी क्लार्क काका खोली-खोली फिरून फोन उलटे करून नंबर वाचायचे. या वर्षी त्यांना छापील यादी मिळाली. तरी ते दोन दिवस फिरलेच. "यादीत जे बोलतात ते आहेत," ते म्हणाले, "जे बंद पडलेत ते कोण मोजणार?" बरोबरच होतं त्यांचं. तीन फोन कपाटात मिळाले.

एक धोकाही सांगून ठेवते. हा शेजारी भोळा आहे. एलएलडीपीमध्ये ओळख पटवायची सोयच नाही. एखाद्या लॅपटॉपने 'मी फोन आहे' म्हटलं तर स्विच त्यालाही आवाजाच्या रांगेत जागा देऊ शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस कंपनीच्या संशोधकांनी सिस्कोच्या उपकरणांमध्ये सीडीपी हाताळण्यातल्या पाच त्रुटी जाहीर केल्या होत्या, त्यात आयपी फोनही होते. म्हणून जिथे गरज नाही त्या पोर्टवर हे बोलणं बंद ठेवतात, सॉफ्टवेअर अपडेट करतात आणि ओळख पटवायला ८०२.१एक्स वापरतात. शेजाऱ्यावर विश्वास ठेवावा, पण कपाटाची किल्ली देऊ नये, तसंच हे.

असो. लेख लांबला, संपादक मंडळ कात्री घेऊन बसलंय. आता प्रत्येक सॉकेटवर एक पांढरं लेबल आहे, त्यावर विंग, मजला आणि पोर्ट नंबर लिहिलाय. ती लेबलं सोलून त्यावर क्रशचं नाव लिहू नका. फोन हलवायची वेळ आली तर कॉम्प्युटर सेंटरला कळवा, प्रोग्रॅम आहे म्हणून गप्प बसू नका. आणि रात्री-अपरात्री गेटला फोन लावलात तर 'लवकर या' म्हणायच्या आधी विंग आणि खोली नंबर सांगा. कितीही घाई असली तरी तीन सेकंद लागतात. आम्ही मोजून बघितलंय.